नेटअ‍ॅपची एनसीडीए (डेटा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची प्रमाणपत्र परीक्षा) द्यायची आहे. कोणते डम्प (परीक्षेतले बाहेर फुटलेले प्रश्न-उत्तरं) घेऊ आणि किती दिवस पुरतील?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं एल-वन (पहिल्या पातळीच्या) स्टोरेज सपोर्टला आहात, तिकिटं बघता, आता प्रमाणपत्र घेऊन एल-टू व्हायचंय. डम्पची नावं माझ्याकडून मिळणार नाहीत. करारभंग होतो, पकडलं तर प्रमाणपत्र जातं, हे तुम्हालाही माहीत असणार. मी व्यवहाराचं बोलतो. ऑनटॅपच्या (नेटअ‍ॅपच्या स्टोरेजवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) आवृत्तीगणिक उत्तरं बदलतात. एका व्हॉल्यूमवर (डेटा ठेवायच्या कप्प्यावर) जास्तीत जास्त स्नॅपशॉट (त्या त्या क्षणाच्या टिपलेल्या प्रती) किती? 9.3 पर्यंत 255, 9.4 पासून 1023. डम्पमध्ये दोन्ही आकडे ‘बरोबर उत्तर’ म्हणून फिरत असतात आणि पाठ करणाऱ्याला आपण कुठल्या आवृत्तीचं पाठ केलंय याचा पत्ता नसतो.

मी इंटरव्ह्यू घ्यायला बसतो, त्यामुळे हा विषय मला झोंबतो. प्रमाणपत्रवाल्याला विचारलं, की स्नॅपमिरर (एका साइटवरच्या डेटाची दुसरीकडे प्रत ठेवणारी सोय) रीसिंक कुठून चालवायचं, तर धडाधड उत्तर येतं: डेस्टिनेशनवरून, म्हणजे प्रत जिथे येते तिथून. मग विचारतो, डीआर साइटवर (मूळ साइट पडली तर वापरायच्या जागी) दोन दिवस काम चाललंय, मूळ साइट आज परत उभी राहिली, आता सांगा डेस्टिनेशन कोणतं? इथे शांतता. आमच्याकडचे एक वरिष्ठ साहेब तर वर्षानुवर्षं म्हणत आलेत की रीसिंक म्हणजे तुटलेलं नातं परत जोडणं, त्यात शिकण्यासारखं काय आहे. म्हणून याच एका गोष्टीवर सविस्तर लिहितो. एवढं नीट हाताखालून गेलं तर निम्मा अभ्यासक्रम आपोआप होतो.

ऑनटॅपचा सिम्युलेटर घ्या. नेटअ‍ॅपच्या सपोर्ट साइटवर मिळतो, पण अकाउंट ऑफिसच्या मेल आयडीवरून काढा, गेस्ट अकाउंटवर बहुतेक वेळा अडतं. व्हीएमवेअरवर चालतो. एकेका नोडला (एका स्टोरेज कंट्रोलरला) साधारण 5-6 जीबी रॅम द्यावी लागते, म्हणजे 16 जीबीच्या लॅपटॉपवर दोन एकनोडी क्लस्टर बसतात. दोन नोड एकाच क्लस्टरमध्ये घ्यायचे असतील तर दुसऱ्याचा सीरियल नंबर आणि सिस्टिम आयडी पहिल्याच बूटला व्हीलोडरच्या (सिम्युलेटर बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रॉम्प्टवर बदलावा लागतो, क्लस्टर बनवल्यानंतर नाही.

सेटअप झाल्यावर बाकी काही करण्याआधी नोडच्या रूट व्हॉल्यूमकडे बघा. सिम्युलेटरमध्ये तो, म्हणजे वॉल-झिरो (vol0), अगदी छोटा असतो. लॉग आणि स्नॅपशॉट साठत जातात, तो भरतो आणि मग एके दिवशी लॉगइन केलं की क्लस्टरच्या कमांडच चालत नाहीत. नवशिके इथेच सिम्युलेटर उडवून परत टाकतात. आधीच नोडशेलमध्ये (त्या नोडच्या कमांड लाइनवर) जाऊन वॉल-झिरोचं स्नॅपशॉटचं वेळापत्रक शून्य-शून्य-शून्य करा, स्नॅप रिझर्व्ह (स्नॅपशॉटसाठी राखलेली जागा) शून्य करा, असलेले स्नॅपशॉट काढून टाका. मग रूट अ‍ॅग्रिगेटमध्ये (डिस्कच्या गटात) एक-दोन डिस्क वाढवून वॉल-झिरो मोठा करा. हे फक्त लॅबसाठी हं, प्रॉडक्शनच्या रूट अ‍ॅग्रिगेटला असा हात लावायचा नाही.

आता दोन क्लस्टर, ए आणि बी. दोन्हीकडे प्रत्येक नोडवर इंटरक्लस्टर लिफ (दोन क्लस्टरनी एकमेकांशी बोलायचे नेटवर्क पत्ते) बनवा. आधी क्लस्टर पिअरिंग (एकमेकांची ओळख करून देणं), मग एसव्हीएम (क्लस्टरमधला आभासी स्टोरेज सर्व्हर) पिअरिंग, मग बीवर डीपी प्रकारचा, म्हणजे फक्त प्रत घेणारा व्हॉल्यूम (मूळ व्हॉल्यूमएवढाच किंवा मोठा), मग स्नॅपमिरर क्रिएट आणि इनिशियलाइझ. पिअरिंग अडलं तर बहुधा फायरवॉलमध्ये टीसीपी 11104 आणि 11105 बंद असतात, किंवा एका बाजूच्या सगळ्या इंटरक्लस्टर लिफना दुसऱ्या बाजूच्या सगळ्या लिफ दिसत नसतात. एकच जोडी पिंग होऊन भागत नाही.

खरी कसरत इथून पुढे. ए-वर फाइल क्रमांक 1 लिहा आणि अपडेट चालवा. मग फाइल क्रमांक 2 लिहा, पण अपडेट चालवू नका. आता ए बंद पडला असं समजा. बीवर क्वाएस (प्रत येणं थांबवणं), मग ब्रेक (नातं तोडणं). बीचा व्हॉल्यूम लिहिण्याजोगा झाला. तिथे फाइल क्रमांक 3 लिहा. आता ए चालू करा.

या टप्प्यावर बीवरून जुन्याच दिशेने रीसिंक मारलं तर ऑनटॅप दोघांतला सामाईक स्नॅपशॉट शोधतो, बीला त्या क्षणापर्यंत मागे नेतो आणि ए-कडचं आणतो. फाइल 3 गेली. डीआरवर दोन दिवस लोकांनी जे काम केलं ते सगळं म्हणजे फाइल 3. उलट दिशेने केलं, म्हणजे बी हा सोर्स आणि ए हा डेस्टिनेशन, तर ए मागे जातो आणि फाइल 2 जाते. ती जाणारच असते, कारण ती कधी बीपर्यंत पोचलीच नव्हती. तुमचा आरपीओ (आपत्तीत किती डेटा गमावणं चालेल त्याची मर्यादा) म्हणजे हीच फाइल 2. रीसिंक ज्या बाजूवर चालतं त्या बाजूचा सामाईक स्नॅपशॉटनंतरचा डेटा पुसला जातो. हे दोन्ही प्रकार मुद्दाम करून बघा, फाइल नाहीशी होताना डोळ्यांनी बघा.

दिशा उलटवताना आणखी एक खड्डा आहे. जुनं नातं बीवर डिलीट आणि ए-वर रिलीज करायचं असतं. साधं रिलीज मारलं की सोर्सवरचे स्नॅपमिररचे स्नॅपशॉटही पुसले जातात. मग सामाईक स्नॅपशॉटच उरत नाही, रीसिंक नकार देतं आणि सगळा डेटा पहिल्यापासून इनिशियलाइझ करावा लागतो. पाच-पन्नास टीबी आणि दोन साइटमध्ये बारीकशी लिंक असेल तर किती दिवस लागतील ते तुम्हीच काढा. म्हणून रिलीज करताना ‘रिलेशनशिप इन्फो ओन्ली’ हा पर्याय ट्रू ठेवायचा. घरी परतताना: अ‍ॅप्लिकेशन बंद, शेवटचं अपडेट, ए-वर ब्रेक, आणि पुन्हा मूळ दिशेने नातं बांधून रीसिंक.

आणि ब्रेक केलं म्हणजे डीआर झालं असंही नाही. व्हॉल्यूमच्या स्नॅपमिररसोबत जंक्शन पाथ (क्लायंटला व्हॉल्यूम जिथे दिसतो तो रस्ता), शेअर, एक्स्पोर्ट पॉलिसी (कुठल्या क्लायंटला परवानगी त्याचे नियम), लनचं (होस्टला दिलेल्या आभासी डिस्कचं) मॅपिंग यातलं काहीच जात नाही. ते बीवर वेगळं करावं लागतं, नाहीतर एसव्हीएम डीआर (अख्ख्या एसव्हीएमची सेटिंगसकट प्रत) वापरावं लागतं. एनएफएस (लिनक्स-युनिक्सकडचं फाइल शेअरिंग) क्लायंटला जुना माउंट सोडून नव्याने माउंट करायला सांगा, नाहीतर ‘स्टेल फाइल हँडल’ची तिकिटं तुमच्याच एल-वन टीमकडे येतील.

एनएफएसचंच चाललंय तर: नवीन व्हॉल्यूमला एक्स्पोर्ट पॉलिसी लावली, नियम बरोबर, तरी माउंट करताना ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. कारण एसव्हीएमच्या रूट व्हॉल्यूमला डीफॉल्ट पॉलिसी असते आणि तिच्यात एकही नियम नसतो. क्लायंटला जंक्शनपर्यंत पोचायला रूट व्हॉल्यूमवर निदान वाचण्याची परवानगी लागते. माउंट झालं पण रूट युजरला लिहिता येत नाही, तर एक्स्पोर्टच्या नियमातली सुपरयुजरची नोंद बघा. सीआयएफएस (विंडोजकडचं फाइल शेअरिंग) सर्व्हर डोमेनमध्ये येत नसेल तर आधी डीएनएस, मग घड्याळ. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत) दार उघडत नाही.

क्षमतेचं गणित कागदावर करा. 1.2 टीबीच्या 24 डिस्क, म्हणजे बिलावर 28.8 टीबी. दोन स्पेअर, उरलेल्या 22 चा एक रेड-डीपी गट, त्यात दोन पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत बांधायला ठेवलेल्या), म्हणजे 20 डेटा डिस्क. 1.2 टीबी म्हणजे 1.09 टेबीबाइट, तेव्हा 21.8. त्यातून वॉफलचा (ऑनटॅपच्या फाइल सिस्टिमचा) 10 टक्के रिझर्व्ह गेला, उरले 19.6. व्हॉल्यूमवरचा 5 टक्के स्नॅपशॉट रिझर्व्ह धरला तर 18.6. रूट पार्टिशन अजून धरलेलंच नाही. ग्राहक ‘माझे दहा टीबी कुठे गेले’ म्हणून फोन करतो तेव्हा हा हिशोब तोंडावर असायला हवा. ऑल-फ्लॅशवर 30 टीबीपेक्षा मोठ्या अ‍ॅग्रिगेटला 9.12.1 पासून वॉफलचा रिझर्व्ह 5 टक्क्यांवर आलाय आणि डीड्यूप-कॉम्प्रेशनमुळे (सारखा डेटा एकदाच ठेवणं आणि दाबून बसवणं) चित्र बदलतं, पण पाया हाच.

रेड-डीपी दोन डिस्क गेल्या तरी सोसतो, रेड-टेक तीन. हे तुम्हाला येत असणार, पुढे जा.

सॅन (होस्टला थेट डिस्कसारखं दिसणारं स्टोरेज) सोडू नका. सिम्युलेटरमध्ये फायबर चॅनल नाही, आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून चालणारं सॅन) आहे, त्यावर करा. नॅसची (फाइल शेअरिंगची) लिफ पोर्ट पडलं की त्याच ब्रॉडकास्ट डोमेनमधल्या दुसऱ्या पोर्टवर जाते. सॅनची लिफ जात नाही, तिथे पर्यायी वाट शोधायचं काम होस्टवरच्या मल्टिपाथिंगचं. (9.11.1 पासून एएसए (फक्त सॅनसाठीच्या) सिस्टिमवर आयस्कझी लिफलाही फेलओव्हर आलाय, प्रश्नात प्लॅटफॉर्म कोणता दिलाय ते वाचा.) एचए टेकओव्हर (पडलेल्या नोडचं काम जोडीच्या नोडने घेणं) मात्र सिम्युलेटरवर करताच येत नाही, ते दस्तऐवजातूनच वाचावं लागेल.

किती दिवस? रोज दोन तास आणि वर लिहिलेली लॅब धरली तर दोन महिने ठीक. नेटअ‍ॅप स्वतः सहा ते बारा महिन्यांचा अनुभव गृहीत धरतं, तो तुमच्याकडे कागदावर आहे, पण तिकीट पुढे ढकलण्याचा अनुभव त्यात मोजू नका. पेपर 60 प्रश्न, 90 मिनिटं. फॉर्म भरण्याआधी अधिकृत पानावर परीक्षेचा कोड आणि ऑनटॅपची आवृत्ती तपासा आणि सिम्युलेटर त्याच्याच जवळच्या आवृत्तीचा घ्या. सिस्टिम मॅनेजरवरून (ऑनटॅपच्या ब्राउझरमधल्या स्क्रीनवरून) सगळं होतं म्हणणारे भेटतील. रोजचं काम होतंही. पण क्वाएस, ब्रेक, डिलीट, रिलीज हा क्रम स्वतः टाइप केला नसेल तर रात्री दोन वाजता ब्रिज कॉलवर ‘आता कुठल्या क्लस्टरवर आहात?’ या प्रश्नालाच माणूस अडखळतो. आमच्या साहेबांना अजून पटलेलं नाही. त्यांनी दोन सिम्युलेटर घ्यावेत, तीन फाइल लिहाव्यात आणि मग बोलावं.