घोडीचा पाय सुजला आहे, ती लंगडते, पण जखम कुठेच दिसत नाही, काय करावे?

मुरूडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणणाऱ्या आपल्या सात वर्षांच्या घोडीचा मागचा डावा पाय चार दिवसांपासून खुराच्या वरपासून मधल्या मोठ्या सांध्यापर्यंत सुजला आहे, जखम कुठेच दिसत नाही, वेदनाशामक इंजेक्शन दिल्यावर ती एक दिवस सरळ चालली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगडू लागली. आता ओळखीचे लोक बिब्बा घाला किंवा डाग द्या असे सांगत आहेत, तर काय करावे, असे आपण विचारले आहे. डाग देऊ नका आणि बिब्बाही घालू नका. दोन्हींमुळे कातडी भाजते, आधीच सुजलेल्या पायाला नवी जखम होते आणि नंतर येणाऱ्या पशुवैद्याला मूळची सूज कोणती व भाजल्याची कोणती हे कळणे कठीण होते.

मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगतो. अलिबागला आमच्या घरी दोन पिढ्या घोडागाडीचा व्यवसाय आहे आणि ओहोटीच्या वेळी प्रवाशांना कुलाबा किल्ल्यापर्यंत नेणे-आणणे हे आमचे मुख्य काम. त्यामुळे पुळण (किनाऱ्याची वाळू), खडप (समुद्रातला खडकाळ भाग) आणि खारे पाणी यांतून रोज जाणाऱ्या घोड्यांचे पाय मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि त्यात चुकाही केल्या आहेत.

सूज जिथे दिसते तिथेच दुखणे आहे, असे आपण धरून चालतो, आणि घोड्याच्या बाबतीत नेमके इथेच फसतो. घोड्याच्या गुडघ्याखाली, आणि मागच्या पायात मधल्या मोठ्या सांध्याखाली, मांस जवळजवळ नसतेच. हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पेशी) आणि त्यावर कातडी एवढाच पाय असतो. खाली उतरलेले रक्त वर ढकलण्याचे काम बऱ्याच अंशी खूरच करतो, म्हणजे पाऊल टेकले की खुराच्या आतला मऊ भाग दाबला जातो आणि रक्त वर चढते. दुखते म्हणून घोड्याने पाऊल नीट टेकणे सोडले की हा पंप मंदावतो आणि पाणी नळीभोवती, म्हणजे खालच्या लांब हाडाभोवती, साचते. खुराच्या आत गळू झाले, तर खूर स्वतः कठीण असल्यामुळे फुगू शकत नाही आणि सूज वरच्या मऊ भागात येते. म्हणून पाय कितीही वरपर्यंत सुजलेला असला तरी तपासणी खुरापासूनच सुरू करावी.

आमच्या कुमैत घोड्याच्या वेळी मी हे केले नाही. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी होती. किल्ल्यावरून परतताना तो पुढच्या उजव्या पायाने किंचित लंगडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला दिसला. मऊ पुळणीत गाडी ओढताना नस सुटली असेल, असे मी स्वतःच ठरवून टाकले. टर्पेंटाइनच्या तेलाने मालीश केली, मिठाच्या पुरचुंडीने शेकले आणि आपल्यासारखेच वेदनाशामक औषध दिले. तो बरा चालू लागला, म्हणून मी त्याला एका फेरीला जुंपलेही. पाचव्या दिवशी तो तीन पायांवर उभा होता आणि चौथा पाय जमिनीला लावूच देत नव्हता. हाड मोडले असे समजून मी पशुवैद्यांना बोलावले. त्यांनी सुजेकडे फारसे पाहिलेही नाही. खूर धुतला, सुरीने तळाचा मळका थर काढला आणि लोखंडी चिमट्याने खूर इंच-इंच दाबत गेले. एका जागी घोड्याने पाय हिसकला. तिथे एक बारीक काळी रेघ होती. तिच्यावरून थोडे कोरताच काळपट, दुर्गंधी पू बाहेर आला आणि त्यामागून कालवाच्या शिंपेची नखाएवढी कपरी निघाली. तासाभरात घोड्याने पाऊल टेकले. पुढे काही दिवस ती जागा कोमट पाण्यातल्या मॅग्नेशियम सल्फेटच्या पोटिसाने बांधून ठेवावी लागली (लहान मुलाचा डायपर आणि वरून चिकटपट्टी, याहून सोयीची पट्टी मला आजवर सापडलेली नाही), आणि पूर्ण कामावर यायला तीन आठवडे गेले.

आता आपल्या घोडीकडे वळू. पशुवैद्य येईपर्यंत काही गोष्टी आपणच पाहून लिहून ठेवाव्यात. पहिली म्हणजे ताप. थर्मामीटरला दोरा बांधून तो गुदद्वारात धरावा. स्वस्थ घोड्याचे तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते आणि विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44 पडते. त्यानंतर खूर स्वच्छ धुऊन, तळाच्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा, नालेचे खिळे आणि खुराच्या कडेला कातडी मिळते ती रेषा नीट पाहावी. दोन्ही मागच्या खुरांवर एकाच वेळी तळहात ठेवला की कोणता खूर गरम आहे ते कळते. खुराच्या लगेच वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना बोट ठेवल्यास नाडी लागते. चांगल्या पायात ती मुश्किलीने जाणवते, आणि खुराच्या आत दाह असेल तर ती बोटाखाली अक्षरशः उडते. नाल मारून आठ-दहा दिवसच झाले असतील, तर एखादा खिळा जिवंत भागात गेला आहे का, हे नालबंदाला तपासायला सांगावे.

जखम दिसत नाही, असे आपण लिहिले आहे. मी एवढेच विचारीन की केस बाजूला करून, पाय कोरडा करून, बॅटरीच्या उजेडात पाहिले का? कालवांनी भरलेल्या खडपावर झालेली जखम कधीकधी तांदळाच्या दाण्याएवढी असते, त्यावर खपली धरते आणि केसांत ती लपून जाते. तसेच पावसाळ्यात चिखलात उभ्या राहिलेल्या घोड्यांच्या खुरामागच्या खळगीत बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून जंतू शिरले की कातडीखाली दाह पसरतो आणि एका रात्रीत पाय खांबासारखा होतो. अशा वेळी सूज गरम असते, हात लावू देत नाही, बोटाने दाबल्यास खळगा राहतो, आणि बहुधा ताप येतो. ही तक्रार मागच्या एकाच पायाला अधिक होते. त्यात पावसाळाभर काम नसताना चंदी (धान्याचा खुराक) मात्र नेहमीइतकीच चालू राहिली असेल, तर धोका वाढतो, असे जुने घोडेवाले सांगत आणि पशुवैद्यही तेच सांगतात. आपण दिलेल्या वर्णनावरून मला खुरातील गळू आणि हा कातडीखालचा दाह, या दोन शक्यता सर्वांत जवळच्या वाटतात. पण हा अंदाज आहे, निदान नव्हे.

दोन्ही मागचे पाय सारखेच, थंड आणि न दुखणारे सुजत असतील, आणि थोडे फिरवल्यावर सूज उतरत असेल, तर ते बहुधा नुसते उभे राहिल्याचे पाणी असते. मात्र तशी सूज पोटाखालीही येत असेल, ताप येऊन-जाऊन असेल, घोडी खात असूनही वाळत असेल आणि डोळ्यांच्या आतला रंग फिका पडला असेल, तर रक्त तपासून घ्यावे. घोडमाश्यांच्या चावण्यातून पसरणारा सर्रा हा रोग आपल्या देशात आहे, आणि त्यावर लंगडण्याचे कोणतेही औषध उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट क्वचितच आढळते, पण ती माहीत असायलाच हवी. सुजलेल्या पायावर माळेतल्या मण्यांसारख्या गाठी ओळीने उठल्या असतील आणि त्या फुटून मधासारखा चिकट स्राव येत असेल, तर उघड्या हाताने स्पर्श करू नका. ते ग्लँडर्स असू शकते. हा रोग माणसालाही होतो, आणि 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. ती घोडी इतर घोड्यांपासून वेगळी बांधावी आणि पाण्याची बादलीसुद्धा वेगळी ठेवावी.

कंडरेच्या दुखापतीविषयीही थोडे लिहितो, कारण पुळणीवरच्या घोड्यांत तिची भीती खरी आहे. सुकी, खोल वाळू पाय आत घेते, आणि प्रत्येक पावलाला नळीमागच्या कंडरेवर जास्त ताण येतो. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू त्या मानाने बरी. तशी दुखापत पुढच्या पायांत अधिक होते, आणि सूज सगळीकडे न पसरता नळीच्या मागच्या बाजूला धनुष्यासारखी बाक धरून येते. तिचे खरे स्वरूप सोनोग्राफीत दिसते आणि बरे व्हायला नऊ महिने ते वर्षही लागते. आपल्या घोडीची सूज सर्व बाजूंनी आहे, म्हणून हा संशय मी मागे ठेवतो.

खरी घाई सांध्याची असते. सांध्याजवळ टोचल्यासारखी लहानशी जखम असेल, तिच्यातून तेलकट, पिवळसर पाणी येत असेल किंवा घोडी पायावर भारच देत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य हवा. सांध्यात जंतू गेले तर एकेक दिवस महाग पडतो. अशा घोडीला चालवूनही पाहू नये. कातडीखालच्या दाहात पशुवैद्य पुढे हळूहळू फिरवायला सांगतात, पण सांध्यात किंवा हाडाला इजा असेल तर तेच फिरवणे घातक ठरते. म्हणून निदान होईपर्यंत तिला थाणावरच, म्हणजे बांधायच्या जागीच, ठेवावे. ती भार देत असेल, तर चालीची परीक्षा मात्र एकदा करता येते. पुळणीवर लंगडणे नीट कळत नाही. कठीण जमिनीवर, दोर सैल ठेवून, कोणाला तरी तिला दहा-पंधरा पावले चालवायला सांगावे आणि आपण मागे उभे राहून तिचा पुठ्ठा (शेपटीच्या दोन्ही बाजूंचा ढुंगणाचा भाग) पाहावा. ज्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो, बहुधा त्या बाजूचा पाय दुखतो. हे मोबाइलवर चित्रित करून ठेवले तर पशुवैद्याला फार उपयोगी पडते, कारण परकी माणसे आल्यावर बुजलेला घोडा कधीकधी दुखणे लपवतो.

आता इंजेक्शनाविषयी. ते दिल्यावर घोडी एक दिवस सरळ चालली, याचा अर्थ औषध लागू पडले असा नाही. दुखणे तेवढे झाकले गेले. तपासणीच्या आधी पुन्हा तसे इंजेक्शन देऊ नका, आणि आधी कोणते, किती व केव्हा दिले ते पशुवैद्याला न लपवता सांगा. ही औषधे वारंवार दिल्यास घोड्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. त्यातही जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यास 2006 पासून बंदी आहे, कारण ते अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात. आपल्याच जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांची वसती राखण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे कष्ट घेतले आहेत. तरीही माणसांच्या औषधाची बाटली आणून घोड्याला टोचणारे लोक मी पाहिले आहेत.

तोपर्यंत काम पूर्ण बंद ठेवावे, चंदी निम्म्याहून कमी करून गवत द्यावे, खाली कोरड्या पेंढ्याचा जाड थर घालावा आणि दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे पायावर थंड गोड्या पाण्याची धार सोडावी. समुद्रात उभे केले की पाय उतरतो, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. थंड पाण्याने आराम पडतो हे खरे, पण भेगा किंवा जखम असेल तर रेती आत बसते, म्हणून सध्या तिला समुद्रात नेऊ नका. मालीश, शेक आणि घट्ट पट्टी या तिन्ही गोष्टी टाळा. धनुर्वाताची लस केव्हा दिली होती ते शोधून ठेवा. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, आणि खुरातील लहानसे छिद्रही त्याला पुरते. रोज चांगल्या पायाकडेही लक्ष असू द्या, कारण सगळा भार अनेक दिवस त्याच्यावर पडला तर त्या खुराच्या आतला थरही सुजू शकतो.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा जनावरांच्या उपचारांसाठीच्या 1962 या क्रमांकावर फोन करा. गाई-म्हशींचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना घोड्याच्या खुराचा तेवढा सराव नसू शकतो. तसे असल्यास त्यांना नालबंदासह यायची विनंती करा, त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही. खुरात काही सापडले नाही, तर बधिर करणारी इंजेक्शने खालून वर देत दुखण्याची जागा शोधता येते. त्याच्या पुढचे काम एक्स-रे आणि सोनोग्राफीचे, आणि तिथे मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावे लागेल. पहिल्या एक्स-रेमध्ये हाडाची बारीक चीर कधीकधी दिसत नाही. संशय कायम राहिला तर दहा ते चौदा दिवसांनी तो पुन्हा काढतात. पण घोडीला ट्रकमध्ये चढवण्याआधी, ती भार देऊ शकते का आणि पाय आधार देऊन बांधायचा का, हे पशुवैद्याकडूनच ठरवून घ्या.

तिचे आजचे तापमान, खुरावरची नाडी आणि नाल कधी मारली ते इथे कळवलेत, तर मला आणखी नेमके सांगता येईल. पण माझ्या उत्तराची वाट पाहत फोन करायचे थांबू नका, चार दिवस आधीच गेले आहेत.