मक्यावरच्या लष्करी अळीच्या अंड्यात बलक असतो का? तो बनणंच बंद पाडलं तर कीड आटोक्यात येईल का?

असतो, आणि कोंबडीच्या बलकाशी त्याचं चुलतनातं आहे. त्याच्या मूळ प्रथिनाचं नाव व्हायटेलोजेनिन. कोंबडीत ते यकृतात बनतं. किडीला यकृत नसतं, तिथे हे काम पोटातली चरबीची ऊती करते. तिथून ते किडीच्या रक्तात उतरतं, आणि वाढणारं अंडं आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहींनी (ते ओळखून पकडणाऱ्या प्रथिनांनी) ते ओढून घेतं. हा सगळा कारभार हार्मोनच्या हुकमावर चालतो. भांडवल मात्र बरंचसं आधीच जमलेलं असतं: अळीने पोंग्यात बसून तुमचा मका खाल्ला, त्यातूनच. म्हणून तर त्या अळीचा पतंग झाल्यावर एक मादी हजाराच्या वर अंडी घालू शकते!

दुसरा प्रश्न अवघड. या प्रथिनाचं किंवा ग्राहीचं जनुक आरएनएआय तंत्राने, म्हणजे त्या जनुकाशी जुळणारा आरएनए किडीच्या अंगात सोडून, दाबलं की अंडी घटतात, हे प्रयोगशाळेत बऱ्याच किडींत दिसलंय. पण पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यात तो आरएनए लवकर तुटतो, त्यामुळे फवारून उपयोग होणं कठीण. असं औषध म्हणून कोणी डबा गळ्यात मारत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आमच्याकडे जळगाव-धुळ्याकडे खरिपाचा मका गुडघ्याला लागायच्या आधीच पानं उलटून बघायची. केसाळ लवेने झाकलेला अंडीपुंज दिसला की बोटानेच चिरडायचा. उष्ण हवेत दोन-तीन दिवसांत तो फुटतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा चक्कर मारून भागत नाही.