शिमग्यात सोंग म्हणून 'डीप स्पेस नाइन'मधला मॉर्न आणायचा आहे. मुखवटा घरी कसा करावा, आणि तो बोलतच नाही तर लोकांना कळणार कसं?

गुहागरकडची वाडी, मार्चचा उकाडा, आणि सोंग घेणारा सहाणेसमोर (पालखी बसते त्या चौथऱ्यासमोर) अर्धा तास राहणार, असं तुम्ही लिहिलंय. यावरून एक गोष्ट लगेच ठरते: कागदाच्या लगद्याच्या वाटेला जाऊ नका. चिंचोक्याची खळ आणि मेथीची पूड घालून लगदा उत्तम होतो, कीडही लागत नाही. पण मॉर्नचं सगळं रूप त्याच्या लोंबत्या गालांत आहे, आणि लगदा वाळला की गाल लाकडासारखे ताठ होतात. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत तो आतून ओला राहतो आणि घामाने हनुवटीपाशी सुटायला लागतो. सोफ्याचा स्पंज आणि लेटेक्स, म्हणजे द्रवरूप रबर, वापरा.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' ही मालिका १९९३ ते १९९९ अशी सात सीझन चालली. अवकाशस्थानकावर क्वार्कचा बार आहे आणि त्या बारमधलं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे मॉर्न, लुरियन जमातीचा. सात वर्षांत पडद्यावर एक शब्द बोलला नाही. इतर पात्रं मात्र तक्रार करतात की हा बोलायला लागला की थांबत नाही. मार्क ॲलन शेपर्ड या नटाने तो केला. 'चीअर्स' मालिकेतल्या बारमधल्या नॉर्मची अक्षरं फिरवून हे नाव केलंय. गंमत अशी की देवनागरीतही न आणि म यांची अदलाबदल केली की काम होतं.

आता डोकं. गादीवाल्याकडून २८ डेन्सिटीचा एक इंची स्पंज आणा, ३ फूट बाय ३ फूट पुरतो. माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५७ सेंमी असतो. मॉर्नचा बाहेरून ८५ च्या आसपास आला पाहिजे, म्हणजे सगळीकडून चार-साडेचार सेंमी जाडी हवी. घट्ट बसणाऱ्या सुती टोपीवर स्पंजचे दोन थर चिकटवा. टाळूकडे चिमट्या घेऊन गोलाई आणा. चिकटवायला रबराचं सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं आणि दहा मिनिटं थांबून, बोटाला चिकट लागलं पण तार आली नाही की दाबायचं. घाईने ओलंच दाबलं तर जोड दुसऱ्या दिवशी उकलतो.

या सोंगात सगळ्यांत जास्त वेळ जबड्याला द्या. मॉर्नला मान दिसतच नाही, जबडा खांद्यांत उतरतो. म्हणून खालचा भाग डोक्यावर टांगू नका, खांद्यांवर टेकवा. स्पंजची जाड कॉलर करा, ती आडव्या पट्ट्याने काखेखालून बांधा आणि मुखवट्याची खालची कड तिच्यावर नुसती बसू द्या. असं केलं नाही तर वजन कपाळावर येतं, मुखवटा पुढे घसरतो आणि पाच मिनिटांत डोळ्यांची भोकं नाकावर येतात.

सुरकुत्यांसाठी जुन्या बनियनचे तीन-चार बोटं रुंद पट्टे कापा, लेटेक्समध्ये बुडवा आणि गालांवर मुद्दाम चुण्या पाडत लावा. चुण्या नाकाच्या बाजूने सुरू होऊन खाली, तोंडाच्या कोपऱ्याकडे उतरल्या पाहिजेत. आडव्या पाडल्यात तर मॉर्नऐवजी म्हातारा दिसेल. वरून लेटेक्सचे चार हात द्या, एक लिटर पुरतं. प्रत्येक हात पारदर्शक पिवळसर होईपर्यंत थांबा. पांढरट ठिपका दिसला तर आत अजून ओल आहे, आणि तिच्यावर पुढचा हात दिला की तिथे फोड येतो. खाडीकाठच्या हवेत एका हाताला सहज चार-पाच तास जातात, तेव्हा कामाला किमान आठवडा धरा. नुसता ॲक्रिलिक रंग वर मारला तर तो तडकतो, म्हणून शेवटच्या हातात रंग लेटेक्समध्येच मिसळा. मातकट गुलाबी-तपकिरी करा, पण भांड्यात दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर गडद होतो, म्हणून दोन छटा फिका ठेवा. चिकटपणा जायला टाल्कम पावडर.

लेटेक्सचे दोन वैरी आपल्या घरात असतातच: खोबरेल तेल आणि तांबं-पितळ. तेल लावलेल्या डोक्यावर मुखवटा चढला की आतलं रबर मऊ, चिकट होऊन फाटतं. त्या दिवशी डोकं कोरडं ठेवा. लेटेक्स पितळी पातेल्यात ओतू नका, टाचण्याही स्टीलच्या घ्या. आणि ज्याला मुखवटा घालायचाय त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थोडं लेटेक्स लावून बघा. अंगावर पुरळ उठलं तर माणूस बदला.

डोळे माणसाचेच बाहेर दिसू द्या, कडेला काजळ भरा. तोंडाच्या फटीत मच्छरदाणीची जाळी काळी करून लावा, श्वास तिथून. पाठीमागे मानेपाशी दोन भोकं पाडून त्यांतल्या एकात ४० मिमीचा पाच व्होल्टचा पंखा पॉवर बँकेवर लावला तर फार बरं. तरीही वीस मिनिटांनी डोकं उतरवायचंच. टाळूवर केस हवेत तुरळक, दहा-बारा. नारळाच्या सोडणातला काथ्या रात्रभर पाण्यात भिजवून सरळ करा आणि एकेक तंतू सुईने ओवा.

हे केस विरळ का, याचं उत्तर मालिकेतच आहे आणि तुमचा खेळही त्यावरच बेतावा. १९९८ च्या 'हू मोर्न्स फॉर मॉर्न?' या भागात तो मेला अशी बातमी येते, क्वार्कला वारसा मिळतो आणि मागोमाग त्या मालावर हक्क सांगणारे चोर उगवतात. शेवटी मॉर्न जिवंत परततो. लॅटिनम नावाचं द्रवरूप धन त्याने दुसऱ्या पोटात लपवलेलं असतं. त्यातलं थोडं तो ग्लासात ओकून क्वार्कला देतो, आणि मग क्वार्कला कळतं की केस त्या लॅटिनममुळेच गळले.

म्हणजे ओळख पटवायची तर त्याच्याशेजारी क्वार्क हवाच. दशावतारातला संकासुर मालवणीत बोलून हसवतो, इथे उलटं: बडबड सगळी क्वार्कने करायची. "अरे बाबा, आता तरी गप बस, कालपासून माझं डोकं खाल्लंस!" असं तो म्हणतो, मॉर्न तोंड उघडतो, आणि नेमकं तेव्हाच ढोल वाजतो. हे तीनदा करा, चौथ्यांदा लोक ढोलाच्या आधीच हसतात. मॉर्नने उंच स्टुलावर बसायचं, दोन्ही कोपरं फळीवर, ग्लासात कोकम. बघायचं तर मान नाही, अख्खं धड वळवायचं, तेही सावकाश.

ओकायचा प्रसंग घेणार असाल तर ६ मिमीची फिश टँकची नळी मुखवट्याच्या बाहेरच्या ओठाखाली लपवा आणि ६० मिलीची सिरिंज काखेत धरा. आत कॉर्नफ्लोअरची पातळ पेज आणि चंदेरी पोस्टर कलर. पेज गाळून घ्या, गुठळी नळीत अडकली की सिरिंजचा दट्ट्या निसटतो आणि लॅटिनम बाहीतून गळतं.