लाकडावर चालणारा पहिला स्टोव्ह घेताय?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात स्वागत! "घर मोठं आहे, म्हणून सगळ्यात मोठा स्टोव्ह घेतो," असं म्हणताय, तिथेच थांबा. पहिल्या वर्षी मीही हेच केलं. खोलीची भट्टी व्हायची, मग हवा बंद करून आग मंद करायची. धुमसत्या आगीचा धूर धुराड्यात गार होतो आणि आत डांबरासारखा क्रिओसोट साचतो. धुराड्याला आग लागते ती बहुतेक त्यामुळेच. ज्या खोलीत बसता-उठता, तेवढ्या भागाला पुरेल असा स्टोव्ह बघा. बाकी घराला सध्याचं हीटिंग राहू द्या.

आधी एवढंच सांभाळा:

- स्टोव्हच्या आधी लाकूड. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ओक फोडून रचल्यावर सुकायला दोन उन्हाळेही घेतो. विकणारा "सुकलेलं" म्हणेलच. तुम्ही एक लाकूड फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला मॉइश्चर मीटर टोचा. (माझं पहिलं सरपण जळण्यापेक्षा फसफसायचंच जास्त.)
- फुकट मिळाला तरी जुनाट स्टोव्ह नको. ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) प्रमाणित घ्या; २०२० पासून नव्या स्टोव्हसाठी धुराचे नियम कडक झालेत.
- बसवायला जाणकार माणूस बोलवा, विमा कंपनीला कळवा, धुराडं दरवर्षी तपासून घ्या.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर.

कॅटॅलिटिक (धूर जाळायला आत उत्प्रेरक जाळी असलेला) की साधा, हे डोक्यातून काढा. आधी खोलीची लांबी-रुंदी आणि धुराड्याचा फोटो पाठवा, मग बोलू.