मेलला उत्तर आलं नाही म्हणजे मी फालतू का?

"मॅडम, माझी एक केस आहे" असं तो फोनवर म्हणाला तेव्हा मला वाटलं कोर्टाची भानगड असणार. म्हटलं, बाबा मग वकिलाकडं जा. तर म्हणाला, "न्हाई ओ मॅडम, कॉम्प्युटरची केस. कॅबिनेट. मी सोता बनवतो." आणि मग बराच वेळ पलीकडून काही आवाजच नाही.

डायरीत मी त्याचं नाव 'केसवाला' असंच लिहिलं, इथंही तेच ठेवते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि लिहायच्या आधी त्याला विचारलंय.

लिहायचं कारण असं की हीच तक्रार गेल्या दोनेक वर्षांत कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा ऐकली की आता खुर्चीत बसायच्या आधी वाक्य ओळखता येतं. कॉलेजच्या रेसिंग गाडीची टीम, नेमबाजीचा सराव करणारा पोरगा, केकचे व्हिडिओ टाकणारी एक वहिनी. "स्पॉन्सरशिपसाठी कंपन्यांना मेल केले, कुणी उत्तरच देत नाही, म्हणजे आमच्यात दम नाही का?" आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या आईवडिलांचं ठरलेलं, "मॅडम, हे खूळ कधी जाणार?"

केसवाला 20 वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप, दोन लेथ (धातूचा तुकडा फिरवून कातायचं मशीन) आणि एक ड्रिल मशीन, फाउंड्रीवाल्यांचं जॉबवर्क. पोराचा छंद असा की बाजारातलं कॅबिनेट न घेता ॲल्युमिनियमचा पत्रा, ॲक्रिलिक आणून पूर्ण केस हातानं बनवायची. विकतच्या कॅबिनेटला कापून, रंगवून, बदलून केलं तर तो मॉड, आणि सगळं शून्यातून केलं तर स्क्रॅच बिल्ड, हा फरक मला त्यानंच शिकवला. कूलर मास्टर कंपनीनं यासाठी केस मॉड वर्ल्ड सिरीज नावाची जागतिक स्पर्धा घेतलीय, तिथंही हेच दोन गट होते म्हणे, आणि त्याला पुढंमागं अशा स्पर्धेत स्क्रॅच बिल्डमध्ये उतरायचं होतं. मी आपली मान डोलवत होते, पण दुसऱ्या सेशनला तो एक साइड पॅनल पोत्यात गुंडाळून रिक्षातून घेऊन आला आणि मी गप्प झाले.

तो लेथ बनवत होता. म्हणजे लेथच्या आकाराची केस. डावीकडं हेडस्टॉक, म्हणजे फिरवणारा भाग, त्यावर पीस पकडणारा तीन जबड्यांचा चक, चकच्या मागं 120 मिमीचा फॅन, म्हणजे हवा जबड्यांच्या फटीतून आत येणार. टूलपोस्ट, म्हणजे हत्यार बसवायचा भाग, तो दाबला की कॉम्प्युटर चालू. उजव्या टोकाला आधार देणाऱ्या टेलस्टॉकच्या जागी कूलिंगच्या पाण्याची टाकी आणि तिथून निघणारी पारदर्शक नळी, ती हीट गननं तापवून वाकवायची, वाकताना चेपू नये म्हणून आत सिलिकॉनची दोरी घालायची. मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड, मिनी आयटीएक्स या छोट्या मापाचा, 170 बाय 170 मिमी. नेहमीचा एटीएक्स 305 बाय 244 असतो, तो या बेडमध्ये बसलाच नसता. बोर्डाच्या भोकांच्या जागा ठरलेल्या असतात, आपलं भोक मिलीमीटरभर सरकलं की स्क्रू बसत नाही, आणि बळंच आवळला तर बोर्डाला ताण येतो. हे सगळं सांगताना पोरगा कसा खुलला होता! आणि मी विचारलं, मग अडलंय कुठं, की एकदम मान खाली.

"23 कंपन्यांना मेल टाकले मॅडम. 19 जणांचं काहीच न्हाई. तिघांचं ते आपोआप येतं तसलं. एकानं म्हटलं, आमचं पेज फॉलो करा."

"मग?"

"मग काय. म्हणजे आपलं काम फालतूच हाय नव्हं. मीच फालतू हाय."

आता हे वाक्य आलं की माझे कान टवकारतात. मी विचार तपासायला शिकवणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या घराण्यातली, आणि 22 वर्षं हेच काम करतेय, त्यामुळं 'मेलला उत्तर नाही' पासून 'मी फालतू' पर्यंत माणूस एका ढांगेत कसा पोचतो ते बघायची सवय झालीय. मधल्या पायऱ्या कुणी बघतच नाही. मी त्याला विचारलं, "तुझ्या पप्पांच्या शॉपमध्ये पीस रिजेक्ट होतो का कधी?"

"होतोय की. पार्टी परत पाठवती."

"मग पप्पा काय करतात? लेथ भंगारात घालतात?"

तो हसला. मग हसायचा थांबला. मग म्हणाला, "न्हाई. टूल बघतात. सेटिंग बघतात."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता आलं पाहिजे, माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरींना मी हे नेहमी सांगते आणि त्यांना ते काही केल्या जमत नाही.

पण नुसतं डोक्याला पटून भागत नाही, अंगात मुरावं लागतं. एलिस स्वतः 19 वर्षांचा असताना मुलींशी बोलायला जाम घाबरायचा, तर त्यानं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन बाकावर एकटी बसलेली दिसेल तिच्याशी बोलायचं ठरवलं. 130 जणी, त्यातल्या 30 उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती पण आली नाही. पण भीती गेली. केसवाल्याला ही गोष्ट लई आवडली. मी त्याला गृहपाठ दिला, शाहूपुरीत ॲक्रिलिकचे बोर्ड आणि नंबरप्लेट करणाऱ्यांकडं जायचं, उरलेले तुकडे फुकट मागायचे, आणि पाच नकार गोळा करून आणायचे. पुढच्या आठवड्यात हा पिशवीभर तुकडे घेऊन हजर, चेहरा पडलेला. "मॅडम, तीनच नकार मिळाले. दोघांनी दिले की ओ." गृहपाठ फसला म्हणून वाईट वाटलेला माझा हा पहिलाच क्लायंट.

यानंतर मी त्याला ते मेल मोठ्यानं वाचायला लावले. मला त्यातलं तांत्रिक कळत नाही, पण माणसाचा सूर कळतो. एका पानात 'मी', 'मला', 'माझं' 17 वेळा. मी लहानपणापासून, मला आवड, माझं स्वप्न, मला घरून सपोर्ट नाही. आणि मागणी काय, तर ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, कूलर, सगळंच, फक्त टेबल-खुर्ची तेवढी मागायची राहिली होती. फोटो एकही नाही. वाचता वाचता तो मध्येच थांबला, कान लाल. एका कंपनीच्या मेलमध्ये दुसऱ्याच कंपनीचं नाव तसंच राहिलं होतं. कॉपी पेस्ट. मग आम्ही बाकीचे तपासले, आणखी चार निघाले.

इथंच मला ते लख्ख दिसलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवरच जरा खूश होते. आपण कोल्हापूरची माणसं राजाश्रयाच्या गोष्टी ऐकत मोठी होतो. शाहू महाराजांनी पैलवान पोसले, खासबागेचं मैदान बांधलं, गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात मानानं ठेवलं. गुण दिसला की महाराज शालजोडी देतात, असं चित्र डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळं पोरगं कंपनीला मेल लिहितं ते दरबारात अर्ज दिल्यासारखं, आणि उत्तर आलं नाही की महाराजांनी तोंड फिरवल्यासारखा अपमान. अरे पण पलीकडं महाराज नाहीत, मार्केटिंगचा एखादा पोरगा आहे, त्याच्याकडं तसले ढीगभर मेल पडलेत आणि महिन्याअखेरीला साहेब त्याला विचारणार आहे, तू हे तीन फॅन फुकट दिलेस त्याचं काय झालं?

हे मी केसवाल्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण आत गेलं नाही ते मला दिसत होतं. म्हणून मी त्याच्या वडिलांना बोलावलं.

वडील आले ते शॉपमधूनच, हाताला ऑइलचा वास. बसायच्या आधीच म्हणाले, "दोन वर्षं झाली मॅडम, ह्यो पत्रं कापत बसलाय. कंपनी कशाला दील पत्र्याच्या डब्याला?" पोरगा खिडकीबाहेर बघायला लागला. मी वाद घातला नाही, भिंतीला टेकवलेला तो पॅनल उचलून त्यांच्या हातात दिला फक्त.

त्यांनी तो उजेडाला धरला. अंगठा कडेवरून फिरवला, सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. अर्ध्यात थांबले. परत फिरवला. म्हणाले, "हितं बर काढलं न्हाईस." (बर म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धार.) पोरगा पटकन म्हणाला, "ती बाजू आत जाती पप्पा." "आत जाऊदे न्हाईतर बाहीर, बर काढायची. वायर कापंल." मग जरा वेळानं, पोराकडं न बघता, "भोकं कशावर मारलीस?" "आपल्याच ड्रिलवर. रात्री." "सेंटर चांगलं आलंय."

एवढंच. पण दोन वर्षांत बापानं त्याच्या कामावर काढलेले हे पहिले धड शब्द होते, हे मला नंतर कळलं.

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं (सहज काही नव्हतं), तुम्ही शिरोलीला नव्या पार्टीकडं काम मागायला जाता तेव्हा काय सांगता हो? ते म्हणाले, "काय सांगायचं? मला 30 वर्षं झाली, माझी लई आवड हाय, असं सांगून कोण काम देतंय व्हय? ड्रॉइंग बघायचं. म्हणायचं, ह्यो पीस ह्या तारखेला, एवढ्यात बसतोय, आधी दोन सॅम्पल घ्या, पटलं तर पुढं बोलू. न्हाई म्हटलं तर च्या पिऊन दुसऱ्या पार्टीकडं."

पोरगा त्यांच्याकडं बघतच राहिला. हे जेवणाच्या ताटावर त्यानं शंभरदा ऐकलं असणार, पण आपल्या मेलशी त्याचा संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं. मी दोन सेशन घसा कोरडा केला ते बापानं चार ओळींत सांगितलं, हे कबूल करते. अर्थात त्यांना बोलवायचं कधी हे मला कळलं, तेवढं श्रेय मी ठेवून घेते.

नवा मेल त्यानं माझ्यासमोरच लिहिला आणि तो छोटा झाला. आधीच्या दोन पूर्ण केसांचे फोटो (केसांचे म्हटल्यावर आम्ही दोघंही हसलो, मराठीत याला दुसरा शब्द शोधायला पाहिजे). लेथचं ड्रॉइंग. मला तुमचे 120 मिमीचे तीन फॅन पाहिजेत, याच मॉडेलचे का ते एका ओळीत, काम कधी पुरं होणार त्याची तारीख, बनवतानाचे टप्प्याटप्प्यानं फोटो आणि शेवटचे चांगले फोटो तुम्हाला वापरायला. आणि एक गोष्ट त्याची स्वतःची, मला कधी सुचली नसती. जुन्या लेथच्या हेडस्टॉकवर बनवणाऱ्या कंपनीची पितळी नेमप्लेट असते ना, तर तिथं, त्याच जागी, तुमचा लोगो.

असे सहाच मेल गेले, प्रत्येक वेगळा. चार ठिकाणी शांतता. एकानं नावानिशी लिहिलं की या तिमाहीचं बजेट संपलंय, पुढच्या वेळी विचारा. आणि एकानं तीन फॅन पाठवले. ग्राफिक्स कार्ड कुणी दिलं नाही, ते त्यानं जुनंच घातलं. गोकुळ शिरगावच्या एका पावडर कोटिंगवाल्यानं निम्म्या दरात रंग करून दिला, अट एवढीच की फोटोखाली त्याचा नंबर पाहिजे. मी तर म्हणेन पहिला स्पॉन्सर असाच शोधा, जो तुमचं काम हातात घेऊन बघू शकतो. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून 1918 साली इथंच, कोल्हापुरात, सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, आणि त्यांच्या फिल्म कंपनीला पैशाची मदत केली ती गायिका तानीबाई कागलकर यांनी. गावातल्याच बाईनं.

आईवडिलांना माझं सांगणं थोडं वेगळं. खूळ म्हणू नका, पण पाकीटही उघडं ठेवू नका. महिन्याला किती ते ठरवा, त्याच्या वर गेलं तर त्यानं जॉब करून कमवावं. केसवाला आता शनिवार-रविवार वडिलांच्या लेथवर बसतो. विषय राहिले तर छंदाला महिनाभर सुट्टी, हे त्यानं स्वतः लिहून दिलंय. एखादी 'कंपनी' उलट पैसे मागत असेल, डिपॉझिट भरा, कुरियरचे पाठवा, आधी आमचा माल विकत घ्या मग तुम्हाला ॲम्बॅसिडर करतो, तर ती स्पॉन्सरशिप नव्हे, तुम्हीच गिऱ्हाईक आहात. आणि पोरगं झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर माझे असले लेख वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या.

परवा केसवाल्याचा फोन आला. एका मोठ्या कंपनीचं नाही आलंय, ते सांगायला. मी विचारलं, मग काय वाटलं? तो काहीतरी म्हणाला पण मागं लेथ चालू होता, मला नीट ऐकू येईना. "काय?" म्हटलं. तर ओरडून म्हणाला, "मॅडम, नंतर करतो, पप्पा बोलवालेत!"