जुनी ट्रॅक्टर ट्रॉली घेताना

प्रश्न : मी बागकामाची कंत्राटे घेतो. गवत कापण्याची यंत्रे, रोपे आणि माती वाहण्यासाठी एका शेतकऱ्याची जुनी ट्रॉली घेणार आहे. काय तपासावे?

उत्तर : ताज्या रंगावर भाळू नका. ट्रॅक्टरला अडकवण्याच्या हूकचा दांडा चासीला (ट्रॉलीच्या सांगाड्याला) जोडलेला असतो तेथे वेल्डिंगवर वेल्डिंग दिसले, तर ट्रॉली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी, कारण भरल्या ओझ्याने चढ चढताना सारा ताण त्याच सांध्यावर येतो. चाक जॅकवर उचलून, हलवून ते सैल तर नाही ना, हे पाहावे. ट्रॉलीचे आरसी बुक (नोंदणी पुस्तक) ट्रॅक्टरहून वेगळे असते. त्यातील चासी क्रमांक जुळवून, मालकी बदलाच्या फॉर्म 29 व 30 वर विक्रेत्याच्या सह्या घेतल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी. शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली कंत्राटी कामाला लावल्यास अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, म्हणून वापराच्या नोंदीबाबत आरटीओत आधीच विचारणा करावी.