अनाथाश्रम काढण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. गावाकडे जागा आहे, शाळा जवळ आहे, वीस मुलांचा आश्रम काढायचा आहे. पण आधी बघायचं ते जागेकडे नाही. या वीस जणांना आई, आजी, मामा कुणी आहे का ते बघ. बालगृहांतल्या पुष्कळ मुलांना निदान एक तरी पालक असतो. मूल तिथं येतं ते गरिबीमुळे. बीडच्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलाला आश्रम नको असतो. दिवाळीच्या सुमारास आईबाप फडावर गेले की हंगाम संपेपर्यंत गावातच जेवण, झोपायची जागा आणि शाळा हवी असते. आजी सांभाळणार असेल तर हंगामी वसतिगृहासाठी शाळेच्या मागे लाग. आई विधवा आणि उत्पन्न तुटपुंजं असेल, तर मूल घरीच वाढावं म्हणून केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मिळणारी दरमहा ४,००० रुपयांची मदत (तिला प्रायोजकत्व म्हणतात) किंवा राज्याची बाल संगोपन योजना बघ. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चकरा पडतात. काम कंटाळवाणं आहे, आणि देणगीदाराला दाखवायला इमारत उभी राहत नाही.

तरीही संस्थाच काढायची, तर धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी म्हणजे मुलं ठेवायची परवानगी नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं कर. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ४१खाली वेगळी नोंदणी लागते. ती नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. कुणी मूल दारात आणून सोडलं, तर २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं आणि समितीचा आदेश मुलाच्या फायलीत लावायचा. केंद्राच्या २०१६च्या आदर्श नियमांत सात मुलांमागे एक संडास आणि दहांमागे एक न्हाणीघर धरलं आहे. हे जमवता येतं. घोळ होतो तो रात्री. दिवसभर स्वयंपाक करून दमलेल्या माणसालाच रात्रपाळीला ठेवतात, तो झोपतो, आणि मोठी मुलं लहानांना छळतात ते सकाळी कुणाला कळत नाही. रात्रीचा माणूस वेगळाच हवा. वाढदिवसाला केक आणि कपडे देणारे ढीगभर मिळतील, पगाराला पैसे देणारा क्वचित. सहा महिन्यांचा पगार बँकेत पडल्याशिवाय पहिलं मूल घेऊ नकोस.

आता शाळा. शिक्षणहक्क कायद्याने मुलाला वयानुरूप वर्गात बसवतात, म्हणून अकरा वर्षांचा मुलगा पाचवीत असतो आणि त्याला जोडाक्षर वाचता येत नसतं. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला एकट्याला बसवून बघ: अक्षर ओळखतो, शब्द वाचतो, परिच्छेद वाचतो की गोष्ट. गट त्या पातळीने पाड, इयत्तेने नाही, आणि रोज तासभर फक्त वाचन घे. पाचवीचं पुस्तक तोंडपाठ करून घेणारी शिकवणी इथं निव्वळ वाया जाते. घरी गोरमाटी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला शाळेतली मराठी परकी असते. तो गप्प बसतो आणि 'मठ्ठ' ठरतो. तसा शिक्का मारण्याआधी डोळे आणि कान तपासून घे. सिग्नलवर फुगे विकलेलं पोर पन्नासातून पस्तीस वजा करून सुटे पैसे बिनचूक परत देतं, पण वहीत हातचा घ्यायची वेळ आली की अडतं. त्याचं गणित सुट्या पैशांपासूनच सुरू कर.

मुख्याध्यापक दाखल्यासाठी अडवतील. जन्माचा दाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून पहिली ते आठवीत प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याची प्रत पिशवीत ठेव. भांडण्यापेक्षा ती टेबलावर ठेवली की काम लवकर होतं. शाळेच्या रजिस्टरमधलं नाव आणि जन्मतारीख मात्र आठवीतच तपास. तीच चूक दहावीच्या प्रमाणपत्रावर छापून आली की निस्तरता निस्तरता मूल कंटाळून जातं.

मुलांचे चेहरे व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकायचे नाहीत. ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ची बंदी आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अठरा पूर्ण झाले की मूल बाहेर पडतं. संस्थेतून बाहेर पडलेल्यांसाठीच्या अनुरक्षण योजनेची मदत साधारण एकविसापर्यंत मिळते, पण अर्ज वेळेत जायला हवा. महाराष्ट्रात २०१८पासून अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. त्यासाठीचं अनाथ प्रमाणपत्र अठराच्या आत काढून ठेव, नंतर जुनी फाईल शोधत फिरावं लागतं. सोळाव्या वर्षी बँकेत त्याला एकट्याला पाठव, भात-आमटी करायला लाव. जाताना दाखला, आधार, जातीचं आणि अनाथ प्रमाणपत्र असं सगळं मूळ कागदांसह प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये त्याच्या हातात दे. झेरॉक्स तुझ्याकडे ठेव.